पक्षी, साप, सरडे आणि बेडूक यांचे चेहरे कसे पाहावेत

हिवाळ्यात पैठणच्या नाथसागरावर दुर्बीण घेऊन येणाऱ्या नवख्या निरीक्षकाच्या वहीतली पहिली नोंद बहुधा रंगाची असते. रंग नोंदवण्यात चूक काहीच नाही. परंतु मोठ्या बगळ्याची पिवळी चोच विणीच्या काळात काळी होते, नर सरड्याचे डोके पाहता पाहता लाल होते आणि एकच बेडूक ओल्या चिखलात गडद व कोरड्या दगडावर फिकट दिसतो. चेहऱ्यावरची छिद्रे आणि रेषा मात्र ऋतू पाहून जागा बदलत नाहीत. म्हणून चेहरा पाहताना चार बिंदू आधी शोधावेत: डोळा, नाकपुडी, तोंडाचा कोपरा आणि कान. हे चार बिंदू एकमेकांपासून किती दूर आहेत, कोणता कोणाच्या वर किंवा मागे आहे आणि एखादा दिसतच नसेल तर तो का दिसत नाही, एवढे नीट नोंदवले तर मराठवाड्यातील शेतात, तळ्यावर आणि घराच्या भिंतीवर दिसणारे बहुतेक प्राणी ओळखण्याच्या वाटेवर आपण बरेच पुढे गेलेलो असतो.

या पद्धतीमागे शरीररचनेचे साधे कारण आहे. माणूस, कुत्रा किंवा गाय यांचा चेहरा आपण हावभावांवरून वाचतो, कारण सस्तन प्राण्यांमध्ये ओठ, गाल आणि भुवया हलवणारे स्नायू त्वचेला जोडलेले असतात. पक्षी, सरपटणारे प्राणी आणि उभयचर यांच्या चेहऱ्यावर हावभाव उमटवणारे असे स्नायू नसतात. गरुड रागावलेला वाटतो तो डोळ्यावर पुढे आलेल्या हाडाच्या कडेमुळे, आणि बेडूक हसरा वाटतो तो डोळ्यामागे जाणाऱ्या रुंद जबड्यामुळे. दोघांच्या मनःस्थितीशी त्याचा संबंध नाही. पक्षी डोक्यावरची पिसे फुलवतो, सरडा गळा फुगवतो, हे खरे आहे. पण त्या हालचाली वर्तनाच्या नोंदीत लिहाव्यात, चेहऱ्याच्या वर्णनात मिसळू नयेत.

साहित्य थोडे लागते. आठ पट मोठे दाखवणारी दुर्बीण, रेघा नसलेली वही, पेन्सिल आणि जवळचे फोटो काढू शकणारा फोन पुरे. चित्र काढता येत नाही अशी सबब येथे चालत नाही, कारण आपल्याला देखणे चित्र हवे नसून जागांचा नकाशा हवा आहे. प्राण्याची बाजू पूर्णपणे आपल्याकडे असेल तेव्हाच रेखाटनाला सुरुवात करावी, कारण तोंड किंचित जरी आपल्याकडे वळलेले असले तरी सगळी अंतरे आखडलेली दिसतात. प्रथम डोळ्याचे वर्तुळ काढावे आणि त्याचा व्यास हेच माप धरावे. नाकपुडी डोळ्यापासून किती व्यास पुढे आहे, तोंडाचा कोपरा डोळ्याच्या पुढच्या कडेखाली येतो, मध्याखाली येतो की मागच्या कडेच्याही पलीकडे जातो, हे त्या मापाने मांडावे. कानाची जागा त्यानंतर दाखवावी आणि डोक्याची बाह्यरेषा सर्वांत शेवटी काढावी. बाह्यरेषा आधी काढणाऱ्याचा हात नकळत ओळखीच्या आकाराकडे वळतो आणि मग डोळा जिथे रिकामी जागा उरेल तिथे बसवला जातो. प्रकाश सकाळचा किंवा संध्याकाळचा, तिरपा असावा. मराठवाड्यातील दुपारच्या उन्हात खवल्यांच्या कडा आणि नाकपुडीची खोली दोन्ही नाहीशा होतात.

कोणताही वन्य प्राणी चेहरा पाहण्यासाठी पकडू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते निषिद्ध आहे, आणि घोरपडीसारखा प्राणी तर त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पकडलेला प्राणी तोंड वासतो, डोळे आत ओढतो, मान आखडतो, त्यामुळे त्याच्या चेहऱ्याची नोंद तशीही विश्वासार्ह राहत नाही.

पहिला सराव गावातल्या कोंबडीवर करावा, असे मी आग्रहाने सुचवतो. ती जवळ येते, पुन्हा पुन्हा बाजू दाखवते आणि पक्ष्याच्या चेहऱ्यातील जवळजवळ प्रत्येक भाग तिच्या डोक्यावर उघडा असतो. चोचीच्या मुळाशी नाकपुडीची फट दिसते. डोळ्यामागे आखूड पिसांच्या झुबक्याखाली कानाचे भोक असते व त्याखाली कानाची पाळी लोंबते; बहुतेक रानपक्ष्यांमध्ये हेच भोक पिसांखाली पूर्ण झाकलेले असल्याने पक्ष्यांना कान नसतात असा समज होतो. कोंबडी डुलकी घेताना खालची पापणी वर येते, आपल्यासारखी वरची खाली येत नाही. जागेपणी मात्र डोळ्याच्या पुढच्या कोपऱ्यातून एक पातळ पडदा झर्रकन मागे जाऊन परत येतो. तो निमेषक पटल, म्हणजे तिसरी पापणी. पक्ष्यांच्या फोटोत कधी कधी डोळा दुधाळ दिसतो तो बहुधा याच पडद्यामुळे. त्यावरून पक्षी आजारी किंवा आंधळा ठरवण्याची घाई करू नये.

त्यानंतर बगळ्यांकडे वळावे. नाथसागर, छत्रपती संभाजीनगर शहरातील सलीम अली सरोवर किंवा कोणताही गावतलाव यांच्या काठी मोठा बगळा आणि मध्यम बगळा वेगवेगळे उभे असले की आकारावरून फसगत होते, कारण तुलनेला शेजारी दुसरा पक्षी नसतो. अशा वेळी तोंडाची रेषा पाहावी. मोठ्या बगळ्यात ही रेषा डोळ्याखालून मागे जाऊन डोळ्याच्या मागच्या कडेपलीकडे संपते, तर मध्यम बगळ्यात ती डोळ्याखालीच थांबते. चोच पिवळी असो वा काळी, ही खूण तशीच राहते. छोट्या बगळ्याची चोच काळी व सडपातळ असते. नांगरामागे किंवा गुरांच्या पायांत फिरणाऱ्या गायबगळ्याची चोच आखूड असते आणि हनुवटीवरची पिसे चोचीखाली पुढपर्यंत आलेली असल्याने त्याचा जबडा भरलेला वाटतो. चारही बगळे एकाच पानावर, डोळ्याचा व्यास सारखा धरून रेखाटले तर हा फरक कायमचा लक्षात राहतो.

चोच आणि डोळा यांच्यामधली जागा स्वतंत्रपणे पाहण्याची सवय लावावी. टिटवीमध्ये याच जागी लाल मांसल पाळी असते. माळरानावरच्या पीतमुखी टिटवीत ती पिवळी असून चोचीच्या दोन्ही बाजूंनी खाली लोंबते. साळुंकीच्या डोळ्याखाली आणि मागे पिवळी उघडी त्वचा असते. पारव्याच्या चोचीच्या मुळाशी पांढरट फुगवटा असतो आणि नाकपुड्या त्याखाली दडलेल्या असतात. घार, शिक्रा आणि पोपट यांच्यातही चोचीच्या मुळाशी मऊ त्वचेचा पट्टा असतो व नाकपुड्या त्यातच उघडतात. पाणकावळ्यात मात्र नाकपुडी शोधूनही सापडणार नाही. प्रौढ पाणकावळ्यात ती बाहेरून बंद झालेली असते आणि तो तोंडाने श्वास घेतो. न सापडलेला बिंदू ही देखील नोंद असते, ती ‘दिसले नाही’ म्हणून खोडू नये.

चोचीची कड आणि टोक यांसाठी थोडा वेळ राखून ठेवावा. रोहित पक्षी डोके उलटे करून चोच पाण्यात धरतो आणि चोचीच्या आतील बारीक पट्ट्यांतून अन्न गाळतो. थापट्या बदकाच्या रुंद चोचीच्या कडेलाही अशी गाळणी असते व जवळून ती कंगव्याच्या दातांसारखी दिसते. मोठ्या रोहिताची चोच गुलाबी असून फक्त टोक काळे असते, लहान रोहिताची सगळीच गडद असते. मुग्धबलाकाच्या चोचीच्या मधल्या भागात फट दिसते. ती इजा नसून त्या पक्ष्याची ठेवणच आहे, आणि पिल्लांमध्ये ती नसते, म्हणून फट दिसली नाही एवढ्यावरून तो मुग्धबलाक नव्हे असे म्हणू नये. चिखलात चोच खुपसणाऱ्या पाणलाव्याला चोच मुळाशी मिटलेली ठेवून फक्त टोक उघडता येते. त्याचे डोळे डोक्यावर इतके उंच आणि मागे असतात की चोच जमिनीत असतानाही त्याला मागचे दिसत राहते. पोपट कठीण बी फोडताना दिसला तर वरच्या चोचीच्या मुळाशी कपाळालगत पाहावे, तिथे बिजागरी असल्याप्रमाणे ती वर उचलली जाते.

घुबडांत चार बिंदूंची मांडणीच वेगळी आहे. दोन्ही डोळे समोर असतात आणि नळीसारख्या आकारामुळे खोबणीत फिरू शकत नाहीत. ती उणीव मान भरून काढते, कारण मानेत चौदा मणके असतात आणि डोके २७० अंशांपर्यंत फिरते. चोच पिसांत बुडालेली असल्याने नाकपुडी व तोंडाचा कोपरा दिसत नाहीत. गव्हाणी घुबडाची बदामाच्या आकाराची पांढरी चकती म्हणजे आवाज कानाकडे वळवणारी पिसांची तबकडी आहे. त्याची दोन कानांची भोके समान उंचीवर नसतात, आणि त्यामुळेच अंधारात उंदीर नेमका कुठे खुडबुडतो हे त्याला कळते. शृंगी घुबडाच्या डोक्यावरचे दोन तुरे मात्र नुसती पिसे आहेत, कान नव्हेत. जुन्या वाड्यांच्या तुळयांवर बसणाऱ्या गव्हाणी घुबडाला अशुभ मानणारी मंडळी अजून आहेत. कणगीतल्या धान्याला त्याच्या इतका भला राखणदार दुसरा मिळणे कठीण.

रातवा दिवसा जमिनीवर बसलेला दिसला तर त्याची चोच चिमुकली वाटते. तोंडाची रेषा पाहिली की ती डोळ्याखालून मागे जाताना दिसते आणि तोंडाभोवती राठ केसांसारखी पिसे असतात. उडते किडे टिपणाऱ्या तोंडाचा अंदाज चोचीवरून न बांधता त्या रेषेवरून बांधावा.

सापांच्या बाबतीत चेहरा पाहण्याची रीत बदलते, कारण येथे सुरक्षित अंतर हीच पहिली अट आहे. डोळ्याच्या बाहुलीवरून किंवा डोक्याच्या त्रिकोणी आकारावरून विषारी साप ओळखता येतो, ही समजूत गावोगाव पसरली आहे आणि ती घातक आहे. मराठवाड्यात सर्वांत धोकादायक असलेल्या सापांपैकी नाग आणि मण्यार या दोघांचीही बाहुली गोल असते, आणि मण्यारीचे डोके मानेपेक्षा जेमतेमच रुंद असते. उलट डुरक्या घोणस आणि मांडूळ या निरुपद्रवी सापांची बाहुली उभी असते, तर माणसाला फारसा धोका नसलेल्या मांजऱ्या सापाची बाहुली उभी आणि डोके रुंद, अशा दोन्ही खुणा दिसतात. तेव्हा हा नियम विसरणेच बरे. साप चावल्यास त्याच्या चेहऱ्याचा विचार न करता, दोरी न आवळता, जखम न कापता, प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात तातडीने जावे.

सापाचा चेहरा शिकण्यासाठी उत्तम साधन म्हणजे कात. कडब्याच्या गंजीजवळ, दगडी बांधात किंवा पडक्या बारवेच्या पायऱ्यांवर ती सापडते, मात्र जवळपास साप नाही याची खात्री आधी करावी. डोक्याकडचा भाग शाबूत असेल तर काडीने हळू उलगडून तो आडव्या उजेडात पाहावा. डोळ्याच्या जागी पारदर्शक गोल चकती दिसते. सापाला हलणाऱ्या पापण्या नसतात; पापण्या जोडून तयार झालेले हे आवरण डोळा झाकते आणि प्रत्येक वेळी कातीबरोबर उतरते. कात टाकण्याआधीच्या दिवसांत सापाचा डोळा निळसर धूसर दिसतो त्याचे कारणही हेच. कानाचे भोक कुठेच सापडणार नाही. सापाला बाहेरून दिसणारा कान नसतो, जमिनीतील कंप खालच्या जबड्यातून आतल्या कानापर्यंत पोहोचतात. पुंगीपुढे डोलणारा नाग सुरावर डोलत नसून हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून असतो.

कातीवर किंवा सर्पमित्राने काढलेल्या स्पष्ट फोटोवर वरच्या ओठाचे खवले पुढून मागे मोजावेत. नागामध्ये तिसरा खवला मोठा असून तो पुढे नाकपुडीच्या खवल्याला आणि मागे डोळ्याला टेकतो. कवड्या साप आणि मण्यार यांच्यातील गोंधळ तर दरवर्षी पावसाळ्यात होतो. कवड्यात नाकपुडीच्या खवल्याच्या मागे आणि डोळ्यापुढच्या खवल्याच्या आधी एक छोटा स्वतंत्र खवला असतो. मण्यारीत तो नसतो. ही खूण निःसंशय आहे, पण ती फोटो मोठा करून घरी बसून पाहण्याची आहे, अंगणात वाकून पाहण्याची नव्हे. घोणस ओळखणे त्यामानाने सोपे: डोक्यावर मोठ्या ढालींऐवजी बारीक, कणा असलेले खवले असतात आणि नाकपुडी इतर कोणत्याही सापापेक्षा ठळक, मोठी व गोल दिसते. फुरशाच्या डोक्यावरही बारीक खवलेच असतात, शरीराच्या मानाने डोळा मोठा असतो. धामण मोठा गोल डोळा आणि ओठांवरच्या काळ्या उभ्या रेघा यांवरून कळते, तरीही नाग समजून ती मारली जातेच.

सापाची दुभंगलेली जीभ तोंड न उघडता बाहेर येते, कारण वरच्या ओठाच्या मध्यभागी त्यासाठी खाच असते. जिभेने आणलेला वास टाळूतील जॅकबसनच्या इंद्रियापर्यंत पोहोचतो. जिभेत विष नसते.

सरड्यांकडे आल्यावर पापणी आणि कान हे दोन बिंदू पुन्हा दिसू लागतात. गवतात सळसळणारी सापसुरळी साप वाटली तर चेहरा पाहावा: ती पापणी मिटते आणि डोळ्यामागे कानाचे भोक असते, म्हणून ती साप नव्हे. कुंपणावरच्या नेहमीच्या सरड्याच्या कानाचा पडदा उघड दिसतो व त्याच्या वर काट्यांचे दोन छोटे, एकमेकांपासून सुटे पुंजके असतात. नराचे लाल डोके उतरले तरी हे काटे जागेवरच असतात. भिंतीवरच्या पालीला मात्र पापण्या नाहीत. ट्यूबलाइटखाली किडा खाऊन झाल्यावर ती जीभ बाहेर काढून स्वतःचाच डोळा पुसते, हे कोणत्याही घरात पाहता येते. झाडाझुडपांत सापडणाऱ्या घोयरा सरड्याच्या पापण्या जुळून डोळ्याभोवती शंकू तयार झालेला असतो, मधल्या बारीक छिद्रातून तो पाहतो आणि दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरवतो. त्याच्या कानाचे भोक बाहेरून दिसत नाही. घोरपडीची नाकपुडी तिरप्या फटीसारखी, कान उघडा आणि जीभ सापासारखी दुभंगलेली असते. कासवाबद्दल एवढेच सांगतो की त्याला दात नसतात, जबड्यांवर चोचीसारखे शिंगी आवरण असते, आणि विहिरीत सोडलेल्या मऊ पाठीच्या कासवाची नाकपुड्या असलेली नळी पाण्याबाहेर येते तेवढीच बहुधा आपल्याला दिसते.

बेडकांसाठी मृगाचा पाऊस पडून डबकी भरण्याची वाट पाहावी लागते. रात्री जाताना उंच बूट घालावेत, कारण त्याच वेळी मण्यारही फिरत असते. विजेरीचा झोत समोरून न मारता बाजूने, थोडा वेळच टाकावा. बहुतेक बेडकांत चारही बिंदू उघडे असतात आणि कान तर सर्वांत सोपा: डोळ्यामागची गोल चकती म्हणजेच कर्णपटल. मोठ्या बेडकात डोळ्यामागून निघून कर्णपटलावरून खांद्याकडे जाणारी त्वचेची ठळक घडी असते, आणि पहिल्या पावसात पिवळ्याजर्द झालेल्या नराच्या जबड्याखाली दोन बाजूंना निळ्या स्वरपिशव्या फुगतात. पाण्यावर तरंगत राहणाऱ्या छोट्या बेडकाचे डोळे आणि नाकपुड्या डोक्याच्या वरच्या भागात असल्याने बाकीचे शरीर बुडालेले असतानाही दोन्ही बाहेर राहतात. मुंग्या व वाळवी खाणाऱ्या लहान तोंडाच्या बेडकांमध्ये तोंडाची रेषा आखूड असते आणि कर्णपटल त्वचेखाली झाकलेले असते.

अंगणात येणारा खरबरीत भेक हा कोंबडीइतकाच चांगला नमुना आहे. त्याच्या डोळ्यांभोवती व नाकाकडे हाडाच्या काळ्या कडा असतात, आणि डोळ्यामागे लांबट फुगीर ग्रंथी असते. तिच्यातून येणारा पांढरा स्राव डोळ्याला झोंबतो, म्हणून त्याला हात लावू नये आणि कुत्र्यालाही तोंड लावू देऊ नये. दिव्याखाली किडे टिपणाऱ्या भेकाकडे एका बाजूने दहा मिनिटे पाहिले तर दोन गोष्टी स्पष्ट होतात. त्याचा गळा सतत खालीवर होतो, कारण बेडकांना बरगड्यांचा पिंजरा नसल्याने ते तोंडात हवा घेऊन, नाकपुड्या मिटून, गळ्याच्या दाबाने ती फुप्फुसांत ढकलतात. आणि गिळताना त्याचे डोळे मिटून आत ओढले जातात. डोळ्यांचे गोळे टाळूतून खाली दबून घास घशाकडे सरकवायला मदत करतात. बहुतेक बेडकांच्या वरच्या जबड्यात बारीक दात असतात, भेकाला मुळीच नसतात.

याच डबक्यांत काही आठवड्यांनी बेडूकमाशांचे चेहरे पाहावेत, आणि तेथे या लेखाच्या सुरुवातीचा नियम मोडतो. बेडूकमाशाचे तोंड लहान व खालच्या बाजूला असून बहुतेक जातींत त्याला शिंगी चोच आणि बारीक दातांच्या ओळी असतात. पुढचे पाय बाहेर येण्याच्या सुमारास ही चोच गळते आणि तोंड रुंदावू लागते. १९६० मध्ये गॉसनर यांनी मांडलेल्या आणि आजही वापरात असलेल्या बेडूकमाशांच्या वाढीच्या अवस्थाक्रमात शेवटच्या पायऱ्या तोंडाच्या कोपऱ्यावरूनच ठरतात: ४२ व्या अवस्थेत कोपरा नाकपुडीच्या पुढे असतो, ४३ व्या अवस्थेत नाकपुडी आणि डोळ्याचा मध्य यांच्या दरम्यान, ४४ व्या अवस्थेत डोळ्याच्या मागच्या अर्ध्या भागाखाली, आणि ४५ व्या अवस्थेत डोळ्याच्या मागे. डबक्याच्या काठावर शेपटीसह बसलेले पिल्लू दिसले तर रोज त्याच वेळी, त्याच काठावर जाऊन, डोळ्याचा व्यास माप धरून या एका बिंदूची जागा नोंदवावी. शेपटी पूर्ण जिरेपर्यंत तो बिंदू डोळ्याच्या मागे पोहोचलेला असतो.